यंत्र-आरेखनाच्या आज्ञावलीची निवड : एक भाषिक विचार

सोलापूर जिल्ह्यातील वेळापूर हे गाव भाषेच्या अभ्यासकाला आठवते ते मुख्यतः तेथील अर्धनारीनटेश्वराच्या मंदिरामुळे आणि यादवकालीन मराठी शिलालेखांमुळे. इसवी सन १३०० च्या सुमारास दगडावर कोरलेली ती अक्षरे सातशे वर्षांनंतरही वाचता येतात. मधल्या काळात अक्षरांची वळणे बदलली, शब्दरूपे बदलली. तरी वाचणाऱ्यास आवश्यक असणारी सामग्री परंपरेने जपून ठेविली आहे. याच वेळापूरच्या आसमंतात आणखी एका प्रकारचे लेखन नित्य होत असते. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्याने माळशिरस तालुका उसाचा झाला. १९३० च्या दशकात माळीनगरला साखर कारखाना उभा राहिला, पुढे अकलूजजवळ शंकरनगरला सहकारी कारखाना निघाला आणि कारखान्यांच्या मागोमाग लेथ, वेल्डिंग व फॅब्रिकेशनची वर्कशॉपे, ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्या आणि शेतीची अवजारे बनविणारे कारागीर हेही आले. साखरेच्या यंत्रसामग्रीसाठी प्रसिद्ध असलेले वालचंदनगर तर शेजारच्या इंदापूर तालुक्यातच आहे. या सर्वांमधील जो व्यवहार चुकला असता लोखंड वाया जाते, तो बोलण्यातून होत नाही, ड्रॉइंगमधून होतो.

या लेखनाची स्थिती मात्र शिलालेखांच्या उलट आहे. साठ वर्षांपूर्वी ट्रेसिंग कापडावर शाईने काढलेले ड्रॉइंग कपाटातून बाहेर काढले की वाचता येते. पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावर काढलेले ड्रॉइंग उघडेलच आणि उघडले तरी पूर्वी होते तसेच उघडेल, याची शाश्वती नसते. म्हणून एखाद्या कारखान्याच्या इंजिनिअरिंग विभागाने किंवा पाच-सात अभियंत्यांच्या गटाने आरेखनासाठी कोणती आज्ञावली, व्यवहारातल्या शब्दात कोणते कॅड सॉफ्टवेअर, घ्यावे हा प्रश्न केवळ किमतीच्या तक्त्यावर सुटण्याजोगा नाही. त्या गटाची यंत्रविषयक स्मृती यापुढे कोणत्या भाषेत नोंदली जाणार, ती भाषा कोणाकोणाला वाचता येणार आणि तिच्यातून दुसऱ्या भाषेत जाताना काय गळणार, हे ठरविणे म्हणजेच ही निवड होय.

आरेखनाला भाषा म्हणणे हा केवळ अलंकार नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीस गास्पार माँझ या फ्रेंच गणितज्ञाने वर्णनात्मक भूमितीची मांडणी केली. तेव्हापासून घन वस्तू सपाट कागदावर निःसंदिग्धपणे मांडण्याच्या रीतीला शास्त्राचे रूप आले. जाड अखंड रेषा म्हणजे दिसणारी कड, तुटक रेषा म्हणजे आड गेलेली कड, बारीक साखळी-रेषा म्हणजे अक्ष. हे संकेत शब्दार्थसंबंधाइतकेच यादृच्छिक आणि तितकेच बंधनकारक आहेत. त्यांत बोलीभेदही आहेत. भारतीय मानक ब्युरोच्या एसपी ४६ या पुस्तिकेत पहिल्या कोनाच्या प्रक्षेपणाची रीत दिलेली आहे. अमेरिकेत तिसऱ्या कोनाची रीत रूढ आहे. पहिल्या रीतीत वस्तूची डावी बाजू कागदावर उजवीकडे काढतात, दुसऱ्या रीतीत डावीकडेच. दोन्ही ड्रॉइंगे दिसण्यात इतकी सारखी असतात की वाचणाऱ्याने रीत ओळखण्यात चूक केल्यास एका अंगाला भोक असलेला ब्रॅकेट बरोबर आरशातल्यासारखा उलटा तयार होतो आणि तो निर्दोष मापाचा असूनही निरुपयोगी ठरतो. नव्या आज्ञावलीत ही रीत कोणत्याही एका बाजूला आधीच ठरवून दिलेली असते. पहिल्याच दिवशी ती तपासून आपल्याकडील रीतीवर आणणे हे अगदी किरकोळ काम. पण ते न केल्याने होणारे नुकसान किरकोळ नसते.

संगणकाने या भाषेचे दोन अगदी वेगळे प्रकार निर्माण केले. त्यांतील भेद ध्यानात आल्यावाचून निवडीचा विचार पुढे सरकत नाही.

पहिला प्रकार रेघांचा. १९८२ च्या अखेरीस बाजारात आलेली ऑटोकॅड ही त्याची प्रातिनिधिक आज्ञावली. येथे कागदावरची शाई पडद्यावर आली; रेघ मात्र रेघच राहिली. दोन समांतर रेघांमधले अंतर ४५० मिलिमीटर आहे एवढे संगणकाला ठाऊक असते. त्या रेघा मिळून एक शाफ्ट होतो आणि शेजारचे वर्तुळ हे त्याच शाफ्टचे टोकाकडून दिसणारे रूप आहे, हे ठाऊक नसते. तो अर्थ वाचणारा मनाने भरतो. मर्यादा मोठी खरी, परंतु गुणही तितकाच मोठा : ही भाषा फिटरपासून चीफ इंजिनिअरपर्यंत सर्वांना येते. या आज्ञावलीच्या मूळ फाइलीची अंतर्गत रचना तिच्या निर्मात्यांनी उघड केली नाही. देवाणघेवाणीसाठी डीएक्सएफ नावाची वेगळी, उघड रचना त्यांनी दिली. मूळ रचनेचा उलगडा इतरांनी बाहेरून केला, आणि १९९८ साली त्यासाठी अनेक कंपन्यांची एक संघटनाच स्थापन झाली. जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास ब्राह्मी लिपी ज्या चिकाटीने उलगडली तिची येथे आठवण होते. फरक इतकाच की ब्राह्मी लिहिणारे कोणी हयात नव्हते, येथे लिहिणारे हयात असून मौन धरून होते.

दुसऱ्या प्रकाराचे मूळ १९६३ मध्ये आहे. त्या वर्षी आयव्हन सदरलँड याने मॅसॅच्युसेट्स येथील संस्थेत 'स्केचपॅड' नावाचा प्रबंध सादर केला. पडद्यावरच्या रेघांना त्याने बंधने घातली : ही रेघ त्या रेघेस लंब राहील, ही दोन अंतरे सदैव समान राहतील. एक माप बदलले की बाकीची आकृती बंधने सांभाळून स्वतःला सावरून घेई. १९८० च्या दशकाच्या अखेरीस प्रो-इंजिनिअर या आज्ञावलीने, जिला पुढे क्रिओ हे नाव मिळाले, ही कल्पना घन वस्तूंच्या उद्योगात रूढ केली. १९९५ मध्ये सॉलिडवर्क्सने ती सामान्य विंडोज संगणकावर आणली. सॉलिड एज, इन्व्हेंटर, एनएक्स, कॅटिया आणि मुक्त स्रोतातली फ्रीकॅड ही सारी याच प्रकारची नावे.

या प्रकाराचे स्वरूप साखर कारखान्यातील मिल रोलरच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. घडीव पोलादाच्या शाफ्टवर बिडाचे कवच तापवून बसविलेले असते. त्याच्या पृष्ठावर खाचा असतात. शाफ्टचा जो भाग बेअरिंगमध्ये फिरतो त्याला जर्नल म्हणतात. जुन्या ड्रॉइंगात रोलरचे माप छत्तीस बाय बहात्तर इंच असे असते. नव्यात तेच मिलिमीटरमध्ये लिहावे लागते. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू होते, उन्हाळ्याच्या तोंडाशी संपते, आणि मग पुढच्या हंगामापर्यंत दुरुस्तीचे दिवस. त्या दिवसांत खाचा पुन्हा कापतात. झिजलेले जर्नल लेथवर उतरवून गुळगुळीत करतात. जर्नलचा व्यास ४५० वरून ४४७ झाला की बेअरिंगच्या ब्रासचे बोअरही त्या बेताने बदलावे लागते. रेघांच्या आज्ञावलीत हे दोन आकडे दोन ठिकाणी हाताने बदलावे लागतात, आणि एक राहून जाण्याचा संभव असतो. दुसऱ्या प्रकारच्या आज्ञावलीत रोलर ही रेघांची आकृती नसून क्रियांची मालिका असते : अमुक अर्ध-आकृती अक्षाभोवती फिरव, तेथे कीवे काप, या कडेला गोलाई दे, एक खाच घालून ती लांबीभर इतक्या अंतरांनी पुन्हा घाल. ब्रासचे बोअर 'जर्नलचा व्यास अधिक ठरलेली फट' असे एकदाच लिहून ठेवले, की जर्नल बदलताच बोअर आपोआप बदलते.

या मालिकेत क्रमाला महत्त्व असते, आणि व्याकरणाच्या अभ्यासकाला ते ओळखीचे वाटेल. पाणिनीच्या अष्टाध्यायीतील अखेरच्या तीन पादांत एक विशेष व्यवस्था आहे : तेथील नंतरच्या सूत्राने घडविलेला बदल आधीच्या सूत्रांच्या दृष्टीने जणू घडलेलाच नसतो. क्रियामालिकेतही नेमके असेच घडते. आधीची क्रिया नंतरच्या क्रियेने निर्माण केलेल्या कडेचा आधार घेऊ शकत नाही. ती कड तिला दिसतच नाही. म्हणून दोन अभियंत्यांनी काढलेले रोलर डोळ्यांना हुबेहूब सारखे दिसूनही आतून अगदी भिन्न असू शकतात. एकाचा रोलर जर्नल बदलला असता मुकाट्याने बदलतो, दुसऱ्याचा मोडतो. वाक्याचा अर्थ एक, पण अन्वय वेगळा, असा हा प्रकार. आज्ञावलीच्या जाहिरातीत पडद्यावरचे देखणे घन दाखवितात. आतला अन्वय दाखवीत नाहीत. निवड करणाऱ्याने पाहावयाचा असतो तो अन्वय.

मालिका मोडते ती बहुधा नावांमुळे. हा मुद्दा थोडा विस्ताराने पाहणे आवश्यक आहे. कारण आज्ञावल्यांमधील खरा भेद येथेच सर्वांत स्पष्ट दिसतो आणि विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात त्याची वाच्यता क्वचितच असते.

समजा, लेथवर उतरविलेल्या शाफ्टसारखी एक आकृती तयार झाली. तिला अनेक पृष्ठे आणि कडा आहेत. अभियंता एका कडेवर बोट ठेवून म्हणतो, 'हिला सहा मिलिमीटरची गोलाई दे.' संगणकाला बोट समजत नाही. त्याला नाव लागते. साधी आज्ञावली पृष्ठांना गणतीचे क्रमांक देते आणि आपल्याशी नोंद करते : तिसऱ्या व चौथ्या पृष्ठांमधील कडेला गोलाई. पुढे काही दिवसांनी अभियंता मागे जाऊन मालिकेच्या आरंभी एक कीवे कापतो. आकृती पुन्हा रचली जाते, पृष्ठांची गणती पुन्हा होते, आणि आता तिसरे पृष्ठ म्हणजे कीवेची भिंत ठरते. गोलाई भलत्याच कडेवर जाऊन बसते, किंवा जागा न सापडल्याने तांबडी खूण करून थांबते. थांबली तर बरे. भलत्या जागी बसली आणि कोणाच्या ध्यानात आले नाही, तर ड्रॉइंग तसेच वर्कशॉपात जाते.

भाषिक दृष्टीने ही संदर्भाची समस्या होय. 'गल्लीतले तिसरे घर' हे वर्णन आहे, नाव नव्हे. मधल्या जागेत नवे घर उठले की तेच वर्णन दुसऱ्या घराला लागू होते आणि पत्र भलत्याच दारात जाऊन पडते. 'कुलकर्ण्यांचे घर' म्हटले तर घरे कितीही उठोत, पत्र योग्य जागी जाते. तेव्हा पृष्ठांना अशी नावे द्यावयाची की जी गणतीवर अवलंबून नसतील. त्यासाठी शोधलेला उपाय मराठी माणसाला नवा वाटू नये : पृष्ठाच्या नावात त्याची वंशावळ घालावयाची. अमुक आकृतीतील अमुक रेघ फिरविल्याने जन्मलेले, आणि पुढे अमुक क्रियेने छेदलेले पृष्ठ, असे त्याचे नाव. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे आपण लिहितो ती याच कारणासाठी.

फ्रीकॅड ही मुक्त आज्ञावली या दोषासाठी दीर्घकाळ कुप्रसिद्ध होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. तीत वंशावळीच्या मार्गाने हा दोष बऱ्याच अंशी कमी करण्यात आला आहे. सशुल्क आज्ञावल्यांनी तो पूर्वीच पुष्कळ आवरला होता, परंतु समूळ नाहीसा कोणीच केलेला नाही. पृष्ठ दुभंगले की दोन वारसांपैकी मूळ नाव कोणी चालवावयाचे, या प्रश्नाला एकच एक उत्तर नसते. दिवाणी न्यायालयातही नसते. कसलेला आरेखक म्हणून पृष्ठांवर न विसंबता आधीच आखलेल्या पायाभूत प्रतलांवर आणि आकृत्यांवर आपल्या क्रिया बेततो. ही शिस्त कोणत्याही आज्ञावलीत पाळता येते, आणि ती नसेल तर महागडी आज्ञावलीही उपयोगी पडत नाही.

आता भाषांतराचा प्रश्न. कोणताही गट एकटा नसतो. बिडाचे कवच फाउंड्री ओतते, शाफ्ट मोठ्या लेथवर दुसरीकडे होतो, नवे गिअर तिसऱ्याकडून येतात. प्रत्येकाकडे आज्ञावली वेगळी असू शकते. प्रत्येक आज्ञावलीच्या पोटात एक भूमितीय गाभा असतो. वक्र पृष्ठ कसे नोंदावे आणि दोन पृष्ठांचा छेद कसा काढावा हे तो ठरवितो. या गाभ्यांची कुळे पाहता मौज वाटते. सॉलिडवर्क्स आणि कॅटिया या दोहोंची मालकी दासो या एकाच फ्रेंच कंपनीकडे आहे. परंतु सॉलिडवर्क्सचा पॅरासॉलिड हा गाभा प्रतिस्पर्धी सीमेन्सच्या मालकीचा असून तोच सीमेन्सच्या एनएक्स आणि सॉलिड एज यांतही आहे. कॅटियाचा गाभा वेगळा. फ्रीकॅड ओपन कॅस्केड या मुक्त गाभ्यावर चालते. म्हणजे मालकीने सख्ख्या असलेल्या दोन आज्ञावल्या कुळाने परक्या, आणि मालकीने परक्या असलेल्या कुळाने सख्ख्या. सोलापूरसारख्या मराठी आणि कन्नड यांच्या सीमेवरील जिल्ह्यात, जेथे एकाच पेठेत दोन भाषाकुले शेजारी नांदतात, ही गोष्ट फोडून सांगावी लागू नये.

एका कुळातून दुसऱ्यात जाण्यासाठी मध्यस्थ भाषा आहेत. १९८० मध्ये आयजीईएस आली. १९९४ पासून आयएसओ १०३०३ या क्रमांकाखाली स्टेप ही आंतरराष्ट्रीय मानकाची भाषा प्रसिद्ध होऊ लागली, आणि आज तीच सर्वत्र चालते. स्टेपमधून घन वस्तूचा आकार चांगला जातो. व्यवहारात जो जात नाही तो क्रियांचा इतिहास. श्लोकाचा गद्य अर्थ सांगितला तर अर्थ पोचतो, वृत्त पोचत नाही. तसा रोलर पोचतो, पण 'बोअर म्हणजे जर्नल अधिक फट' हे ज्ञान पोचत नाही. पलीकडे मिळतो तो एक मुका ठोकळा. तो पाहता येतो, मोजता येतो, यंत्रावर कापताही येतो. त्याचे माप बदलू म्हटले तर मात्र सहजासहजी बदलता येत नाही.

या मुक्या ठोकळ्यापासून हरवलेली मालिका पुन्हा रचण्याचे काम, म्हणजे उपलब्ध अवशेषांवरून लुप्त भाषेचे व्याकरण बांधण्यासारखे काम, महाराष्ट्रात झालेले आहे. गोदरेज समूहातून १९९४ मध्ये निघालेल्या जिओमेट्रिक या मुंबई-पुण्याच्या कंपनीने सॉलिडवर्क्ससाठी 'फीचरवर्क्स' ही जोड-आज्ञावली तयार केली. परक्या ठोकळ्यातील भोके, खाचा, गोलाई ओळखून ती त्यांच्या क्रिया पुन्हा लिहून देते. साध्या भागांत तिला चांगले यश येते. गुंतागुंतीच्या ओतीव भागांत कमी. तुलनात्मक व्याकरणकाराप्रमाणे तीही 'असे असावे' एवढेच सांगू शकते. मूळ आरेखकाच्या मनात काय होते, हे सांगू शकत नाही. याच कंपनीने २००२ मध्ये दासोबरोबर भागीदारीत पुण्याला दुसरी कंपनी काढली होती. पुढे जिओमेट्रिक एचसीएलमध्ये विलीन झाली. ज्या आज्ञावल्यांची निवड वेळापूर-अकलूजकडच्या वर्कशॉपला करावयाची आहे, त्यांतील काहींचे काम अशा रीतीने दोनशे किलोमीटरच्या आत झालेले आहे.

भाषांतरात होणारी हानी केवळ लहान गटांनाच सोसावी लागते असे नाही. एअरबस कंपनीच्या ए-३८० या प्रचंड विमानात सुमारे ५३० किलोमीटर लांबीच्या विद्युत्‌तारा होत्या. हांबुर्गमध्ये तयार झालेले तारांचे जुडगे तुलूझ येथे विमानात बसविताना अपुरे पडू लागले. जर्मन गट कॅटियाच्या चौथ्या आवृत्तीवर काम करीत होता, फ्रेंच गट पाचव्या. आणि नाव एक असले तरी त्या दोन आवृत्त्यांची अंतर्रचना वेगळी होती. एका गटाने केलेले बदल दुसऱ्याच्या प्रतिकृतीत नीट उतरत नव्हते. २००६ मध्ये कंपनीला विमानांच्या वितरणास सुमारे दोन वर्षांचा विलंब जाहीर करावा लागला. कारणे आणखीही होती, पण हे मुख्य. आज्ञावलीचे नाव एक आहे म्हणून भाषा एक आहे असे धरून चालण्याचा हा परिणाम. सामान्य व्यवहारातही नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत बहुधा उघडत नाही. सॉलिडवर्क्सने २०२४ च्या आवृत्तीपासून मागील दोन आवृत्त्यांपर्यंत जतन करण्याची सोय दिली, याचे अप्रूप वाटावे इतकी ही अडचण जुनी होती.

इतका विचार झाल्यावर वेळापूरच्या आसपासच्या एखाद्या गटाने काय करावे ?

प्रथम, बोलणारे कोण आहेत ते पाहावे. भाषा तिच्या शब्दकोशाने जगत नाही, बोलणाऱ्यांनी जगते. शंकरनगर आणि पंढरपूर येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून व तंत्रनिकेतनांतून दरवर्षी विद्यार्थी बाहेर पडतात. त्यांच्या प्रयोगशाळेत कोणती आज्ञावली आहे याची चौकशी एका दिवसात होते. गटातला एकमेव जाणकार पुण्याच्या नोकरीवर निघून गेला, तर त्याची जागा घेणारा पंचक्रोशीत मिळेल का, हा प्रश्न आज्ञावलीच्या गुणांच्या यादीहून महत्त्वाचा आहे. मध्यम श्रेणीच्या सॉलिडवर्क्स, सॉलिड एज आणि इन्व्हेंटर या तिहींत दुरुस्ती, फॅब्रिकेशन आणि लहान यंत्रे यांच्या दृष्टीने निर्णायक असा भेद नाही. तेव्हा त्यांतील जी शेजाऱ्यांना आणि पुरवठादारांना येते तीच घ्यावी. कॅटिया किंवा एनएक्स यांचा खर्च एखादा मोठा वाहन अथवा विमान उद्योगातील ग्राहक तीच मागत असेल तरच समर्थनीय ठरतो. शिवाय गटातील प्रत्येकाला घनाकृतीची आज्ञावली लागते असेही नाही. पाचांपैकी दोघांकडे ती असली आणि बाकीचे रेघांच्या आज्ञावलीवर प्लॅटफॉर्म, पाइपलाइन, पायाचे बोल्ट काढीत राहिले, तर काम अडत नाही. सर्वांना एकदम नव्या भाषेत ढकलण्याचा उत्साह हंगामाच्या तोंडावर महागात पडतो.

फ्रीकॅडचा विचार केवळ ती फुकट आहे म्हणून करू नये, आणि केवळ त्याच कारणासाठी टाळूही नये. तिचा खरा गुण असा की तिच्या फाइलीची रचना उघड आहे; कोणी उलगडत बसण्याची गरज नाही. तिला लागतो तो मन लावून शिकणारा आणि इतरांना शिकविणारा एक माणूस. असा माणूस गटात असेल तर अवजारे व ट्रॉल्या बनविणाऱ्या लहान वर्कशॉपला ती पुरेशी आहे. नसेल तर वाचलेले पैसे वेळेच्या रूपाने जातील.

मालकीचाही विचार करावयास हवा. पूर्वी आज्ञावली एकदा विकत घेतली की तीच आवृत्ती वर्षानुवर्षे वापरता येत असे. ऑटोडेस्क कंपनीने २०१६ मध्ये अशी कायमची विक्री थांबवून वार्षिक वर्गणीची पद्धत आणली, आणि इतरही त्याच दिशेने गेले. वर्गणी थांबली की आज्ञावली बंद होते; आपणच लिहिलेला मजकूर आपल्याला वाचता येत नाही अशी ती विलक्षण अवस्था. साखर कारखान्याचे एखादे वर्ष दुष्काळाचे जाते, गाळप निम्म्यावर येते, त्या वर्षी वर्गणीच्या रकमेवर काट मारली जाणे अगदी संभवनीय असते. म्हणून मूळ फाइलीबरोबर प्रत्येक अंतिम ड्रॉइंगची स्टेप प्रत आणि पीडीएफ प्रत त्याच दिवशी काढून वेगळी ठेवणे हा नियमच हवा. मुका ठोकळा आणि छापील पान इतके तरी उरते.

मराठी अक्षरांची कथा स्वतंत्र आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी श्रीलिपीसारख्या प्रणालींतून मराठी टंकलेखन होत असे. त्यांत पडद्यावर दिसणारे अक्षर आणि फाइलीत नोंदलेला संकेतांक यांचा संबंध त्या त्या फॉन्टपुरता असे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अशा ड्रॉइंगातील मराठी सूचना अर्थहीन रोमन चिन्हांच्या रांगेसारखी दिसते. ऑटोकॅडच्या जुन्या एसएचएक्स फॉन्टांतही देवनागरीची सोय नाही. युनिकोड ट्रूटाइप फॉन्टच निवडावा लागतो. निवडीपूर्वी जोडाक्षरांचा एक नमुना प्रत्येक आज्ञावलीत लिहून, छापून व पीडीएफ करून पाहावा. आणि सूचना लिहिताना शब्द टर्नरच्या तोंडचे असावेत. भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशाचा उपयोग अध्यापनात आहे. लेथसमोर उभा असलेला मनुष्य कीवेला कीवे आणि बोअरला बोअरच म्हणतो.

शेवटी परीक्षा. विक्रेत्याने आणलेला झगमगीत नमुना बाजूस ठेवून गटाने स्वतःचे तीन भाग द्यावेत : एक रोलर ब्रासांसह, एक वेल्डिंगचे फॅब्रिकेशन आणि एक वेडावाकडा ओतीव भाग. आज्ञावली रोज वापरणार असलेल्या माणसानेच ते काढावेत, विक्रेत्याच्या माणसाने नव्हे. मग जर्नलचा व्यास ४५० चा ४४७ करावा आणि ब्रास मागोमाग येतो का पाहावे. मालिकेच्या आरंभी एक कीवे घालून गोलाई जागच्या जागी राहते का पाहावे. भाग स्टेपमधून बाहेर काढून पुरवठादाराच्या आज्ञावलीत उघडावा आणि दोन्हीकडे घनफळ, गुरुत्वमध्य व पृष्ठांची संख्या ताडून पाहावी. घनफळात फरक दिसला तर एखादे पृष्ठ गळाले किंवा फाटले असे समजावे. कागदावर काढलेले ड्रॉइंग एखाद्या टर्नरच्या हाती देऊन, काही न सांगता, तो काय विचारतो ते लिहून घ्यावे. या कामास आठवडा लागतो, आणि तो एप्रिल-मे मध्येच काढता येतो. ऑक्टोबरात बॉयलर पेटण्याची घाई असताना नव्हे.

एवढे करूनही एक गोष्ट उरते, ती कोणत्याच आज्ञावलीत नसते. मिलहाउसमध्ये रात्रपाळीला जर्नल आणखी अर्धा मिलिमीटर उतरवावे लागते. फिटर छापील ड्रॉइंगवरचा ४४७ चा आकडा तांबड्या पेन्सिलीने खोडून ४४६.५ लिहितो व खाली सही करतो. तो कागद तेलकट होऊन टेबलाच्या खणात जातो, आणि पुढच्या वर्षी नवे ब्रास ४४७ च्या हिशेबाने बोअर होऊन येतात. तो तांबडा आकडा दुसऱ्या दिवशी मूळ फाइलीत कोणी चढवावयाचा आणि त्यावर कोणाची सही लागेल, हे आज्ञावलीची मागणी नोंदविण्याच्या आधीच नावानिशी ठरवून ठेवावे लागते.